सुपरवायझर स्वतः पेट्या उचलतो, त्याच्यावर ग्रीव्हन्स टाकायची का?

प्रश्न थोडक्यात असा : न्यू जर्सीतल्या एका पार्सल हबमध्ये रात्रपाळीला लोडर म्हणून लागून काही महिने झालेत. कामावर युनियन आहे. सुपरवायझर मराठी आहे आणि ही नोकरीही त्याच्याच ओळखीने लागली. बेल्ट तुंबला की तो स्वतः ट्रेलरमध्ये शिरतो आणि पेट्या रचू लागतो. जुने कामगार दर वेळी त्याच्यावर ग्रीव्हन्स, म्हणजे करार मोडल्याची लेखी तक्रार, टाकतात, आणि आता एका कागदावर साक्षीदार म्हणून सही मागतायत. विचारणाऱ्याचं म्हणणं, 'माणूस मदतीला धावतोय आणि हे त्याच्यावर तक्रार करतायत, हा कुठला न्याय?'

मी अशाच कामावर बरीच वर्षं शॉप स्टुअर्ड होते, म्हणजे पाळीवरची युनियनची प्रतिनिधी. या एका विषयावरच्या ग्रीव्हन्स इतक्या लिहिल्यात की अर्ज झोपेतही भरता येईल. तेव्हा उत्तर आधी देते : सही करा. फक्त डोळ्यांनी जेवढं पाहिलंत तेवढ्यावरच करा. का आणि कशी, ते पुढे.

आपल्याकडे साहेबाने हाताला माती लावली की त्याचं कौतुक होतं. त्यामुळे इथे आलेल्या जवळजवळ प्रत्येक भारतीयाला ही तक्रार पहिल्यांदा कोतेपणाची वाटते. मलाही नवीन कुणी हाच प्रश्न विचारला की नवल वाटत नाही. पण ट्रेलरमध्ये काय होतंय यापेक्षा मॅनेजरच्या कागदावर काय उमटतंय ते बघा. हबचं सगळं गणित माणसांच्या तासांवर चालतं. इतकी पार्सलं, इतके तास, इतका वेग. ताशी पगारावरच्या माणसाचा प्रत्येक तास त्या हिशेबात खर्च म्हणून पडतो. सुपरवायझरने भरलेल्या पेट्या पार्सलांच्या आकड्यात येतात, त्याने घातलेला वेळ मात्र लोडरांच्या तासांत येत नाही. म्हणजे बारा माणसांचं काम अकरा जणांनी केलं असं कागद सांगतो. मग वरचा साहेब म्हणतो, अकरांत भागतंय की! बारावा माणूस कशाला? पुढच्या आठवड्यात अकरा, उन्हाळ्यात दहा. आणि ज्या पार्टटाइमवाल्याला साडेतीन तासांनी घरी पाठवलं, त्याच्या पोटातून गेलेला तास कुणाच्या खात्यात गेला ते त्याला कळतही नाही.

हे तास जपण्याच्या भांडणाला इथे मोठा इतिहास आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये यूपीएस या मोठ्या पार्सल कंपनीच्या सुमारे १,८५,००० कामगारांनी, म्हणजे टीमस्टर्स युनियनच्या सभासदांनी, १५ दिवस संप केला. पगार, पेन्शन हे मुद्दे होतेच, पण संप लोकांच्या लक्षात राहिला तो पार्टटाइम कामांमुळे. कंपनी पूर्णवेळ जागा न भरता तुकड्या-तुकड्यांनी माणसं लावते, ही तक्रार होती. शेवटी पार्टटाइम कामं जोडून १०,००० पूर्णवेळ जागा तयार करायचं कंपनीला मान्य करावं लागलं. २०२३ च्या करारातही ७,५०० नव्या पूर्णवेळ जागा लिहून घेतल्या गेल्या. जागा तयार होते ती तासांतून. विखुरलेले तास एकत्र करून दाखवता आले, तर युनियन म्हणू शकते की इथे एक पूर्ण माणूस लागतो. ते तास सुपरवायझरच्या हाताखाली झाकले गेले, तर दाखवणार काय?

आता करार. तुमच्या कंपनीचं नाव तुम्ही दिलं नाहीत ते बरंच केलंत. यूपीएसचा राष्ट्रीय करार सगळ्यांना वाचता येतो, म्हणून उदाहरण त्याचं घेते. त्यातल्या कलम ३, पोटकलम ७ चा आशय असा : सुपरवायझरचं काम देखरेख करणं, ज्यांच्यावर तो देखरेख करतो त्यांचं काम त्याने करायचं नाही. शिकवण्यासाठी किंवा सुरक्षितपणे कसं करायचं ते दाखवण्यासाठी हात लावला तर चालतो. पुरेशी माणसं ठेवायची जबाबदारी कंपनीची, आणि माणूस कमी पडला तर आधी कामगारांनाच लवकर बोलावणं, ओव्हरटाइम देणं, दुसरी पाळी देणं असे सगळे उपाय करून बघायचे. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. सुनावणीत 'माणूसच नव्हता हो' हे रडगाणं सुरू झालं की स्टुअर्ड एवढंच विचारतो, 'फोन कुणाकुणाला केलात?'

अमेरिकेच्या टपाल खात्याच्या करारातलं कलम १.६ याहून नेमकं आहे. जिथे शंभर किंवा जास्त युनियनमध्ये मोडणारे कामगार आहेत तिथे सुपरवायझरला त्यांचं काम करायला बंदी. अपवाद पाच : आणीबाणी, शिकवणं, यंत्र नीट चालतंय का ते बघणं, कामगारांची सुरक्षा आणि खात्याच्या मालमत्तेचं रक्षण. लहान कार्यालयात त्याच्या पदाच्या वर्णनातच ते काम असेल तर थोडी मोकळीक. तुमचा करार या दोहोंसारखा असेल किंवा नसेलही. पुस्तिका स्टुअर्डकडे मागा, आणि तुमच्या लोकलचं, म्हणजे युनियनच्या स्थानिक शाखेचं, पूरक पत्रकही मागा, कारण मुदती बहुतेक तिथेच लपलेल्या असतात.

'आणीबाणी' या शब्दावर निम्म्या सुनावण्या अडतात. अचानक हिमवादळ झालं, वाटेत गाड्या अडकल्या, पाळीची निम्मी माणसं पोचलीच नाहीत, आणि सुपरवायझरने अर्धा तास पेट्या ओढल्या, तर मी ग्रीव्हन्स लिहीत नाही. बेल्टवरून पेटी घसरून कुणाच्या डोक्यावर पडणार होती आणि त्याने ती धरली, यावर तर कुणी कागद आणला की मी तो परत देते. पण दर सोमवारी तीन माणसं दांडी मारतात हे कंपनीला वर्षभर माहीत आहे आणि तरी सोमवारी जादा माणूस लावत नाहीत, ही आणीबाणी नव्हे. ती काटकसर आहे. थँक्सगिव्हिंग ते ख्रिसमस पार्सलं वाढतात, हेही दरवर्षीचंच. डिसेंबर अनपेक्षितपणे आला असं आजवर कुठल्या मॅनेजरने मला पटवून दिलेलं नाही.

कंपनीचा दुसरा ठरलेला बचाव शिकवण्याचा. 'मी त्याला रचायला शिकवत होतो.' असेल. मग शिकणारा कुठे उभा होता? शिकवताना सुपरवायझर दोन-चार पेट्या लावतो, बाजूला होतो, नवा माणूस लावतो, सुपरवायझर बघतो. शिकणारा शेजारच्या ट्रेलरमध्ये आणि सुपरवायझर इथे एकटाच सव्वा तास, याला शिकवणं म्हणत नाहीत. म्हणून साक्षीदाराच्या कागदात 'त्या वेळी ट्रेलरमध्ये आणखी कोण होतं' हे लिहिलेलं असलं की पुढचा वाद बराच आटोपतो.

तिसरा बचाव 'एवढंसं तर होतं'. दोन मिनिटांत चार पेट्या सरकवल्या, त्याचं काय घेऊन बसलात? यात तथ्य असतं. लवादही क्षुल्लक गोष्टींकडे काणाडोळा करतात. पण रोज दोन-दोन मिनिटं पंधरा वेळा झाली तर अर्धा तास होतो, आणि ते नोंदींशिवाय सिद्ध होत नाही.

चौथा बचाव सगळ्यांत घातक : 'इथे कायम असंच चालत आलंय, कुणी कधी बोललं नाही.' करारातले शब्द स्पष्ट असले की बहुतेकदा ते शब्दच टिकतात. पण शब्द जरा जरी संदिग्ध असले, तर वर्षानुवर्षं खपवून घेतलेली पद्धत लवादासमोर कंपनीच्या बाजूने उभी राहते. तुमचे जुने सहकारी 'दर वेळी' कागद का टाकतात, ते इथे लक्षात येईल. त्यातले काही खडूस असतील, नाही म्हणत नाही. भरपाईच्या चेकवर डोळा ठेवून बसलेलाही एखादा असतोच. तरी गप्प बसलेल्या पाळीपेक्षा ती पाळी बरी.

आता लिहायचं कसं. नवे लोक साधारण असं लिहितात : 'सुपरवायझर नेहमी आमचं काम करतो. हे बंद व्हावं.' हा कागद पहिल्याच पायरीवर मरतो. नेहमी म्हणजे केव्हा? आमचं म्हणजे कुणाचं? टिकणारा कागद असा असतो : 'मंगळवार, पहाटे ४:१० ते ५:२५. दरवाजा १४. सुपरवायझर अमुक याने ट्रेलरमध्ये एकट्याने पार्सलं रचली. मी दरवाजा १५ वर होतो आणि सतत दिसत होतं. ४:०० वाजता दरवाजा १४ च्या लोडरला काम संपल्याचं सांगून घरी पाठवलं होतं. त्याच्या जागी कुणाला बोलावलं नाही.' एवढंच. विशेषणं नकोत, शिव्या नकोत, 'मुद्दाम', 'द्वेषाने' असले शब्द नकोत. कारण मग द्वेषही सिद्ध करत बसावं लागतं. खाली मागणी : करारातल्या ज्या कलमांचा भंग झाला ती आणि 'इतर लागू होणारी सर्व कलमं', भंग थांबवावा, आणि ज्याचं काम गेलं त्याला कराराप्रमाणे पैसे द्यावेत.

वेळ लिहायला खिशात छोटी वही आणि पेन्सिल ठेवा. फोनवर चित्रण करायच्या फंदात पडू नका. बऱ्याच हबमध्ये कामाच्या जागी फोन नेण्यावर नियम असतात, आणि तुमची साक्ष राहते बाजूला, तुमच्यावरच कारवाईचा कागद निघतो. आणि सुपरवायझर पेट्या उचलत असताना तुम्ही हात बांधून उभे राहू नका, त्याला अडवू नका, बेल्ट थांबवू नका. आधी काम, मग तक्रार, ही इथली रीत आहे. जीवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी.

पहिल्या पायरीची सुनावणी म्हणजे कोर्ट नव्हे. बहुतेकदा मॅनेजरच्या काचेच्या खोलीत, पाळी संपल्यावर, उभ्याउभ्याच होते. लोडरला चार वाजता घरी पाठवल्याच्या त्या प्रकारासारखाच एक प्रसंग आमच्याकडे झाला होता. मॅनेजर म्हणाला, 'त्याला स्वतःलाच लवकर जायचं होतं.' मी विचारलं, त्याने तसं लिहून दिलंय का? नव्हतं दिलेलं. मग म्हणाला, 'तसंही कुणी थांबायला तयार नव्हतं.' मी म्हटलं, ओव्हरटाइमला इच्छुक असलेल्यांची यादी काढा. यादीत सात नावं होती, त्यातले दोघं तेव्हा पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. सुपरवायझर बिचारा या सगळ्या वेळात बुटांकडे बघत होता. प्रकरण तिथेच मिटलं. बहुतेक प्रकरणं अशीच मिटतात. वरच्या समितीपर्यंत थोडी जातात, लवादापर्यंत फारच थोडी.

पैशाचं सांगते, कारण कुजबुज सगळी त्याचीच असते. यूपीएसच्या करारात भंग सिद्ध झाला तर सुपरवायझरने जेवढा वेळ काम केलं तेवढ्या वेळाचे पैसे दुप्पट दराने मिळतात. ताशी २२ डॉलर दराच्या माणसाला सव्वा तासाचे ५५ डॉलर. यातून कुणी बंगला बांधत नाही. मिळतात ते ज्याचं काम गेलं त्याला. म्हणजे ज्याला सिनिऑरिटीप्रमाणे त्या कामावर बोलावणं योग्य होतं त्याला. असा माणूस ठरवताच आला नाही तर तक्रार करणाऱ्याला. म्हणजे तुम्ही साक्षीदार म्हणून सही केलीत म्हणून तुम्हाला छदाम मिळणार नाही, आणि 'पैशासाठी सही केली' असं कुणाला म्हणताही येणार नाही. दुप्पट दराचा हेतू सरळ आहे : कामगाराला बोलावण्यापेक्षा सुपरवायझरला राबवणं महाग पडलं पाहिजे.

तुमच्या मनात खरी सल त्या मराठी माणसाबद्दल आहे, ती मला कळते. इथे कायद्याची एक बाजू समजून घ्या. १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने संघटनेचा हक्क दिला, पण १९४७ च्या टाफ्ट-हार्टले दुरुस्तीने सुपरवायझरांना 'कामगार' या व्याख्येतून बाहेर काढलं. त्यामुळे 'पेट्या उचल' असा वरून हुकूम आला तर तुमच्या सुपरवायझरला नाही म्हणायची सोय नाही. त्याच्या पाठीशी ना युनियन, ना करार. बहुतेक सुपरवायझर दोन वर्षांपूर्वी स्वतःच लोडर असतात. रात्री साडेबाराला मॅनेजर त्याच्या कानाशी आकडे ओरडतो आणि तो सवयीने ट्रेलरमध्ये शिरतो. ग्रीव्हन्स कागदावर त्याच्या नावाची असली तरी उत्तर कंपनीला द्यावं लागतं. आणि कागद साठले की तोच सुपरवायझर वर जाऊन सांगू शकतो, 'साहेब, मला आणखी एक माणूस द्या, नाहीतर दर आठवड्याला दंड भरा.' मी असे सुपरवायझर पाहिलेत जे हळूच येऊन सांगायचे, 'लिही गं, लिही एकदाची.' अर्थात एकच सुपरवायझर वारंवार सापडला तर वरचे त्याच्यावरही डोळे वटारतात. त्याला काहीच त्रास होणार नाही असं खोटं मी सांगणार नाही.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडे भांडण नेमकं उलटं असतं. औद्योगिक विवाद कायदा १९४७ खाली 'वर्कमन' कोण यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, त्यात पदाचं नाव बाजूला ठेवून माणूस मुख्यतः काम कोणतं करतो ते कोर्टं बघत आली. म्हणजे एमआयडीसीतल्या 'सुपरवायझर' पाटी लावलेल्या माणसाचा वकील सांगतो की हा दिवसभर मशीनच चालवतो, हा कामगारच आहे, याला काढताना कायदा पाळा. मशीन चालवल्याचा पुरावा तिथे त्याला तारतो. इथे तोच पुरावा त्याच्या कंपनीला दंड करतो. तिकडचा अनुभव घेऊन इकडे आलात की म्हणूनच सगळं उफराटं वाटतं.

सही केली म्हणून काढून टाकतील का, ही दुसरी भीती. युनियन करारातला हक्क मागणं हे कायद्याने संरक्षित आहे, एकट्याने मागितला तरी. १९८४ च्या सिटी डिस्पोजल प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. तिथे एका ट्रकचालकाने ब्रेक खराब असल्याचं सांगून गाडी चालवायला नकार दिला होता. बदला म्हणून तुमचे तास कापले, अवघड ट्रेलरवर टाकलं, तर कामगार संबंध मंडळाकडे सहा महिन्यांत तक्रार करता येते. तरी एक तपासा : तुमचा उमेदवारीचा काळ (प्रोबेशन) संपलाय का? तो चालू असेल तर करारातलं 'सबळ कारणाशिवाय काढू नये' हे कवच बहुधा अजून लागू झालेलं नसतं. कायद्याचं संरक्षण तेव्हाही असतं, पण हेतू सिद्ध करणं फार जिकिरीचं. तसं असेल तर स्टुअर्डला स्पष्ट सांगा की दुसरा साक्षीदार बघा. समजूतदार स्टुअर्ड स्वतःच नव्या माणसाला पुढे करत नाही.

मॅनेजरने तुम्हाला बाजूला बोलावून 'सही कुणी करायला लावली?' असं विचारलं आणि यातून आपल्यावरच कारवाई होईल अशी रास्त शंका आली, तर 'माझा स्टुअर्ड हजर असू दे' एवढं म्हणा. १९७५ च्या वाइनगार्टन निकालापासून हा हक्क आहे. मागितला तरच मिळतो, आपणहून कुणी देत नाही.

युनियनबद्दलही भाबडेपणा नको. प्रत्येक ग्रीव्हन्स शेवटपर्यंत लढवलीच पाहिजे असं बंधन तिच्यावर नाही. १९६७ च्या व्हाका विरुद्ध साइप्स निकालाप्रमाणे तिने मनमानी, भेदभाव किंवा दुष्ट हेतूने वागू नये, एवढं बंधन आहे. बिझनेस एजंट, म्हणजे स्टुअर्डच्या वरचा युनियनचा अधिकारी, कधी वीस कागद एकत्र बांधून ठोक रकमेवर तडजोड करतो, कधी एका मोठ्या प्रकरणासाठी पाच लहान सोडतो. मला हा प्रकार कधी आवडला नाही. तो होतो. कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी 'कुठवर आलं?' विचारत राहा. न विचारलेले कागद फायलीत म्हातारे होतात.

त्या मराठी सुपरवायझरशी बोलायचं की नाही? कामाच्या जागी नको, आणि सही करण्याआधी नको; 'कागद मागे घे' असं त्याने चुकून जरी म्हटलं तरी ते त्याच्यावर शेकेल. नंतर कधी बाहेर भेटलात तर सरळ सांगा : 'दादा, मी पाहिलं तेवढंच लिहिलंय. तुम्ही चांगले नाही असं त्यात कुठेही नाही.' आणि जुन्या मंडळींनी कागदात तुम्ही न पाहिलेली वेळ घातली असेल, पाऊण तासाचे दोन तास केले असतील, तर ती ओळ खोडायला लावा, मगच सही करा. नाही खोडली तर स्वतःचा वेगळा अर्धपानी जबाब लिहून स्टुअर्डला द्या. टपाल खात्यात पहिल्या पायरीची मुदत १४ दिवसांची आहे. तुमच्याकडे ती याहून बरीच कमी असू शकते, म्हणून आज कामावर गेलात की पाळी सुरू व्हायच्या आधी स्टुअर्डला मुदत विचारा.